पाय काढला तरी गाडी पळते तेव्हा

आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1948 साली क्षयाच्या आजारात हवापालटासाठी देवासला गेले आणि कायमचे तिथलेच झाले. त्यांचे ‘भानुकुल’ डोळे भरून पाहावे, ही सासूबाईंची जुनी इच्छा. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या 2001 सालच्या पेट्रोल गाडीने निघालो. देवास झाले. मग धारला पवारांचा किल्ला, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे जन्मस्थान, पाहून मांडूच्या रस्त्याला लागलो आणि वाटेत नालछा गावी गाडीने रंग दाखवला.

चहासाठी थांबलो, तर अॅक्सिलेटरवरून पाय काढूनही इंजिन ओरडतच होते. गरम इंजिनाचा काटा 800-900 च्या आसपास यावा, तो 1800 वर अडून बसला होता. सौ. म्हणाली, “अहो, सकाळपासून ब्रेकही जड लागतोय.” पुढे काकडा खोहची दरी आणि वळणांचा रस्ता. गाडीत म्हातारे माणूस आणि दोन मुले.

आवाजाची हीच तक्रार महिन्यापूर्वी घरीही होती. तेव्हा एका मेकॅनिकने स्क्रू फिरवून आवाज खाली आणून दिला होता आणि आम्ही निर्धास्त झालो होतो.

बॉनेट उघडताच बाकावर बसलेल्या सासूबाई ओरडल्या, “गाळी होगाकत्तैति, नोड्री!” सूंऽऽ असा आवाज येत होता, त्यांना वाटले टायर बसतोय. शेजारच्या मिस्त्रीला मी अर्थ सांगितला. तो हसला, “माँजी ने सही पकड़ा. बस, हवा जा नहीं रही, आ रही है.”

त्यातच सगळे शास्त्र आहे. 2000 साली देशभर प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि कार्बोरेटर मागे पडून एमपीएफआय इंजिने आली. यात हवा जितकी आत जाईल, त्या मापाने संगणक पेट्रोल सोडतो. पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. तरीही इंजिन जोरात फिरत असेल, तर हवा दुसऱ्या वाटेने आत शिरते आहे, असे बहुतेक वेळा समजावे.

मिस्त्रीने पकडीला फडके गुंडाळून एकेक रबरी पाइप क्षणभर दाबला. ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाइप दाबताच इंजिन शांत! पाइपचे टोक चिरले होते. ब्रेक हलका ठेवणारी ओढ तिथूनच वाया जात होती, म्हणूनच ब्रेक जड. त्याने चिरलेला तुकडा कापून टोक पुन्हा बसवले, क्लिप आवळली. आता इंजिन बंदच पडू लागले, कारण जुना स्क्रू! तो पूर्ववत केल्यावर काटा 850 वर आला. परतताना इंदूरला नवा पाइप टाकला.

वाचकहो, तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल, तर तपासणी फुकटापासून खर्चाकडे करा. इंजिन थंड असताना किंवा एसी लावल्यावर काटा थोडा वर राहणारच, तो दोष नव्हे. आधी अॅक्सिलेटरची केबल ताठ किंवा पायपोस अडकलेले नाही ना, ते बघा. मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे पाणी पाहा. पाणी कमी असले, तर सेन्सरला इंजिन थंडच वाटते आणि फेरे वाढतात. त्यानंतर रबरी पाइप. शेवटी थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हवरचा कार्बन क्लीनरने साफ करून घ्या. गळती शोधायला पेट्रोल शिंपडू नका. पदर, ओढणी पट्ट्यापासून लांब ठेवा.

ब्रेकचीही परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबूनच ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. नाही गेले, तर गाडी हलवू नका.

स्क्रूने आवाज गेला होता, दोष तसाच होता. तो आवाज गाडीचे ओरडून सांगणे होते. आम्ही तिचे तोंड दाबले आणि पोराबाळांना घेऊन दरीच्या तोंडाशी पोहोचलो. आता गाडी दुरुस्तीला दिली की आमच्या घरी पहिला प्रश्न सासूबाईंचा असतो, “गाळी नोडिद्र्या?”