ठिणगीची वेळ
१९६२ साली ब्रिटनमध्ये आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉन्टॅक्ट पॉइंट असत. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, हजारो व्होल्ट निर्माण होतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं, तेव्हा सेकंदाला २०० ठिणग्या! एवढ्या उघडझापीत पॉइंट जळतात, झिजतात, जेमतेम ०.४ मिलिमीटरची फट बदलते आणि ठिणगीची वेळ चुकते. पॉइंटऐवजी बसवायच्या इलेक्ट्रॉनिक किटमध्ये बहुधा फिरतं चुंबक आणि सेन्सर हेच काम स्पर्शाविना करतात. किट डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली बसतं, गाडीचं जुनं रूप अबाधित राहतं. मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. किट त्याच जोडणीचं घ्यावं, नाहीतर ते जळू शकतं.