म्हाताऱ्या मांजरीला हात लावताना

मांजर पाणी जास्त प्यायला लागलं की घरातल्यांना आधी बरंच वाटतं. उन्हाळा आहे, पितंय बिचारं, असं म्हणून वाटी पुन्हा भरली जाते. पण दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मांजराबाबत ही आजाराची पहिली खूण असू शकते. थकलेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, ती जास्त होते आणि गेलेलं पाणी भरून काढायला मांजर वाटीकडे वळतं. मग वजन उतरतं. पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. अंगावरचे केस चिकट, विसकटलेले दिसू लागतात, कारण स्वतःला चाटून साफ ठेवायची ताकद उरलेली नसते. आमच्या पंधरा वर्षांच्या ठमीचं सगळं याच क्रमाने झालं.

ठमीला कुणी उचललेलं चालत नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती सापडली तेव्हा चांगली चार-पाच महिन्यांची होती. पिल्लांना साधारण दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसाच्या हाताची सवय लागली तर लागते; ते दिवस तिचे गाड्यांखाली गेले होते. ती पायाशी झोपते, हाक मारली की येते, डोकं घासते. पण पोटाखाली हात गेला की कान मागे पडतात, शेपूट आपटायला लागते आणि पुढच्या क्षणी मनगटावर ओरखडे असतात. अशा मांजराला एका वेळी दोन दुखणी असतात, एक किडनीचं आणि दुसरं भीतीचं. दुसऱ्यावर इलाज केला नाही तर पहिल्याची औषधं बाटलीतच राहतात.

आपल्याकडचं पशुवैद्यक मोठं झालं ते बैल, घोडे आणि दुभत्या जनावरांच्या भोवती. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ सालचं, तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं. त्या काळी रस्त्यावर राबणारी जनावरं हीच शहराची गरज होती. मोठ्या जनावराला दावं बांधून, चारजणांनी धरून उपचार करायची रीत त्यातून आली, आणि गाईला सुई टोचताना ती योग्यही आहे. मांजराला मात्र तीच रीत लावली गेली. मानगूट पकडायची, टेबलावर दाबायचं, काम उरकायचं. ठमीला काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात असंच दोघांनी धरलं होतं. इंजेक्शन दिलं गेलं, पण त्यानंतर कॅरिअरचं दार वाजलं तरी ती पलंगाखाली जायची.

आई पिल्लाला मानगुटीला धरून नेते आणि पिल्लू गप्प राहतं, म्हणून मोठं मांजरही तसं धरलं की शांत होतं, अशी समजूत आहे. मोठं मांजर शांत होत नाही, भीतीने थिजतं. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मांजरतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२२ साली मिळून ज्या सूचना काढल्या, त्यांत मानगूट धरून आवळू नका असंच सांगितलं आहे. हे आपल्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ लागतोय, पण पोचतंय. ठमीच्या सध्याच्या डॉक्टर त्या वाटेने काम करतात, आणि त्यांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे.

त्यांचं काम घरी, फोनवरच सुरू होतं. कॅरिअर आधीच काढून ठेवायला सांगतात. दार उघडं, आत तिची वापरलेली, न धुतलेली गोधडी, जेवणाची ताटली दारापाशी, मग हळूहळू आत. वरचं अर्धं झाकण क्लिपा काढून वेगळं होतं असंच कॅरिअर हवं, हा त्यांचा आग्रह. त्याचं कारण दवाखान्यात कळतं. दुसरी तयारी गॅबापेंटिनची. माणसांमध्ये मज्जातंतूंच्या दुखण्यावर दिलं जाणारं हे औषध मांजरांची भीती उतरवायलाही वापरतात. निघायच्या दोन-तीन तास आधी कॅप्सूल फोडून ठरवून दिलेली भुकटी चमचाभर ओल्या खाण्यात मिसळायची. किडनी थकलेली असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. शेजारच्या मांजराचा डोस आपल्या मांजराला चालत नाही. औषध चढलं की चाल थोडी झुलते. त्या दिवशी तिला कपाटावर, खिडकीत चढू द्यायचं नाही.

रिक्षात कॅरिअर मांडीवर आडवं आणि स्थिर धरायचं, वर चादर. हँडलला लटकवून नेलं की आतलं जनावर दर पावलाला घसरतं. दवाखान्यात पोचल्यावर बाकावर बसायचं नाही, कारण तिथे लॅब्रॅडॉर धापा टाकत असतो. फोन करायचा आणि आत बोलावेपर्यंत रिक्षातच थांबायचं.

‘‘ताई, कॅरिअर खाली ठेवा. आपणही खालीच बसू,’’ डॉक्टर म्हणतात. दार बंद होतं, पंखा कमी होतो, मोबाइल गप्प होतात. मदतनीस दादा क्लिपा काढून झाकण उचलतात आणि त्याच वेळी त्याच्या जागी टॉवेल सरकवतात. ठमीला बाहेर ओढलं जात नाही. ती आपल्या गोधडीवरच, कॅरिअरच्या खालच्या अर्ध्यात बसलेली असते आणि तपासणी तिथेच होते. डॉक्टर आधी नुसत्या बघतात. स्वस्थ बसलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असायला हवेत. ते हात लावण्याआधी मोजले तरच खरे. मग टॉवेलखालून हात पोटावर जातो. किडन्या बोटांना लागतात, जुनाट आजारात लहान आणि ओबडधोबड. दुसऱ्या हाताने गळ्यापाशी थायरॉइडची गाठ चाचपली जाते. वयस्क मांजराचं वजन त्यामुळेही उतरतं.

रक्त काढणं मला सर्वांत अवघड वाटत होतं. डॉक्टर ते मागच्या पायाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून काढतात. डोकं आणि पुढचे पाय टॉवेलात, मागचा एकच पाय बाहेर. दादांचा तळहात तिच्या पाठीवर टेकलेला, दाबलेला नाही. माणूस समोरून चेहऱ्यावर येत नाही, सुई दिसत नाही, म्हणून झटापट होत नाही. दोन मिलिलिटरच्या आसपास रक्तात सीबीसी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि थायरॉइडची टी-४ चाचणी भागते.

रक्तदाब खरंतर त्याआधीच घेतलेला असतो, कारण सुईनंतर तो चढतो. शेपटीच्या मुळाशी बोटभर रुंदीचा पट्टा, त्याखाली डॉप्लरचा सेन्सर. यंत्राचा आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून डॉक्टर हेडफोन लावतात. पहिलं मोजमाप सोडून देतात आणि पुढच्या पाच-सहांची सरासरी काढतात. हे करणं का गरजेचं आहे? किडनीच्या आजारात दाब वाढतो, आणि १६०च्या वर सतत राहिला तर डोळ्यांचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळं होऊ शकतं. अशी आंधळी झाल्यावर आणलेली मांजरं डॉक्टरांनी पाहिली आहेत. अ‍ॅम्लोडिपिन या दाब उतरवणाऱ्या गोळीच्या छोट्याशा तुकड्याने ते टळू शकलं असतं, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

डॉक्टरांची खरी पारख मला दिसली ती त्या थांबल्या तेव्हा. लघवीचा नमुना राहिला होता, दात बघायचे होते. ठमीने तोंड उघडून श्वास घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी लगेच हात काढले, झाकण बसवलं. ‘‘आज एवढंच पुरे. रक्त आणि बीपी मिळालंय, बाकीचं थांबू शकतं.’’ तोंडाने श्वास घेणारं मांजर धोक्याच्या काठावर असतं, आणि म्हाताऱ्या हृदयाला काय झेपेल हे बाहेरून कळत नाही. कोणती तपासणी आज हवीच आणि कोणती पुढच्या वेळी चालेल, याची यादी मनात तयार ठेवून सुरुवात करणं हीच या कामातली हुशारी आहे, असं माझं मत झालं आहे. अगदीच जमलं नाही तर गुंगीचं इंजेक्शन देऊन काम करता येतं, आणि झटापटीपेक्षा ते बरं.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ३.२ आलं, म्हणजे किडनीच्या आजाराच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी. साखरही वाढलेली दिसली, पण तेवढ्यावरून डॉक्टरांनी मधुमेह ठरवला नाही. भेदरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती चढते. मागच्या काही दिवसांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी त्यांनी करून घेतली, ती ठीक निघाली. भीती अशी रिपोर्टातही उतरते.

आता घरी एक दिवसाआड कातडीखाली सलाईन चालतं. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करायची, खिडकीच्या गजाला टांगायची. ठमी तिच्या जागी चाटायचं खाणं खात असते, तेव्हा खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून सुई आत. शंभर मिलिलिटर पाच-सात मिनिटांत जातं. उंटाच्या मदारीसारखा फुगवटा येतो, कधी पाणी पुढच्या पायाकडे उतरतं, काही तासांत जिरून जातं. ती उठून निघाली तर सुई काढून घ्यायची. पन्नास गेलं तरी पन्नास गेलं. मागे धावून धरलं तर पुढच्या वेळी ती खिडकीजवळ येणार नाही.

औषध रोजच्या जेवणात कधी मिसळू नये. चव लागली की ती ते जेवणच सोडते, आणि आजारी मांजराने जेवण सोडणं ही मोठी आपत्ती असते. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. त्याच्या शरीराला ती पचवता येत नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं. तुम्हाला चावलं तर जखम लगेच साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, मांजर घरातलं आणि लस घेतलेलं असलं तरी. मांजराचा दात बारीक भोक पाडून खोल जातो आणि आत पू धरतो.

ठमी बरी होणार नाही. गेलेली किडनी परत येत नाही. पण ती खाते, गॅलरीतल्या उन्हात बसते, आणि कॅरिअरमध्ये दुपारची झोप काढते.

तुमच्याकडे दहा वर्षांवरचं मांजर असेल तर ते धडधाकट असतानाच कॅरिअर माळ्यावरून काढा आणि त्याच्या झोपायच्या जागी मांडून ठेवा. महिन्यातून एकदा वजन करा आणि लिहून ठेवा. वर्षातून दोनदा रक्त, लघवी, रक्तदाब तपासा. दवाखाना निवडताना फी विचारण्याआधी एक प्रश्न विचारा, मांजर घाबरलं तर तुम्ही काय करता? ‘दोघंजण धरतो’ असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा.