कथेतील गाव आणि नकाशावरील गाव

विशेषनाम सामान्यतः केवळ निर्देश करते. त्याला स्वतंत्र अर्थ नसतो. परंतु एखाद्या स्थळाशी कल्पित कथेचा संबंध जडला म्हणजे त्याचे नाव निर्देशाबरोबर सूचनही करू लागते. व्हेरोना येथील ‘जूलिएटचे घर’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. शेक्सपिअरचे नाटक सोळाव्या शतकाच्या अखेरीचे; त्या घराचा सज्जा मात्र विसाव्या शतकात बसविलेला आहे. येथे कथेने वास्तूलाही आपल्याजोगे रूप दिले.

महाराष्ट्रात असेच उदाहरण नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाने घडविले. त्याचे बरेचसे चित्रण सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात झाले, आणि प्रदर्शनानंतर तेथील स्थळे पाहावयास प्रेक्षक येऊ लागले. करमाळ्याचे कमलादेवी मंदिर अठराव्या शतकातील, तर उजनीचा जलाशय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. प्रेक्षकाच्या मनात मात्र या परिसराचा काळ एकच असतो : आर्ची आणि परशा यांचा.

तथापि या स्थलदर्शनात निवड असते. झाड, विहीर, पाणी ही प्रेमाची स्थळे प्रवाशास खुणावतात. कथेत त्या दोघांची जातीच्या अभिमानापायी हत्या होते ते हैदराबादचे बिऱ्हाड त्याच्या वाटेवर येत नाही. स्थलनाम अशा रीतीने प्रणयाची स्मृती राखते आणि तिची किंमत विसरविते. म्हणून अशा नावांचा अभ्यास करताना ती काय सुचवितात याइतकेच, ती काय वगळतात, हेही नोंदविणे अगत्याचे आहे.