तापीकाठची वाळू आणि जुन्या भूकंपांच्या खुणा

पाण्याने भरलेली सैल वाळू भूकंपाच्या हादऱ्यांत काही काळ द्रवासारखी वागते. यालाच मातीचे द्रवीभवन म्हणतात. एरवी वाळूचे कण एकमेकांना टेकून वरचे ओझे पेलतात. जमीन हलू लागली की ते दाटून बसू पाहतात, पण मधल्या पाण्याला निसटायला सवड मिळत नाही. पाण्याचा दाब चढतो, कणांचा टेकू सुटतो आणि वाळूतला जोर जातो. 1964 साली जपानमधल्या निगाता शहरात चार मजली इमारती जवळपास अखंड कलंडल्या त्या यामुळेच. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छच्या रणात जमिनीतून पाणी आणि वाळू उसळली, तीही यामुळेच.

खानदेशाच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याने भ्रंशांचा जुना पट्टा गेला आहे. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात सहापेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. 2002 च्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात तापीचे खोरे तिसऱ्या क्षेत्रात येते. शिवाय इथे नदीने आणलेला गाळ भरपूर आहे. वरची काळी कपाशीची जमीन चिकट, ती सहसा द्रवत नाही. लक्ष ठेवायचे ते तिच्याखालच्या वाळूवर आणि पोयट्यावर.

भूकंपमापक यंत्रांच्या नोंदी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांच्या. त्याआधीचा इतिहास वाचायला नदीकाठच्या उभ्या कडांसारखे दुसरे साधन नाही, आणि खानदेशात ते मुबलक आहे. तापीच्या दोन्ही काठांना ओघळींनी चिरलेल्या कडा आहेत. कड फावड्याने खरवडून साफ केली की पिवळसर पोयटा, वाळूचे पातळ पट्टे, गोटे आणि चुनखडीचे पांढरे खडे थराथराने दिसू लागतात. शोधायची असते खालच्या वाळूतून वर घुसलेली शीर. ती तळाशी रुंद आणि वर निमुळती असते, तिच्यात कडेच्या पोयट्याचे तुकडे अडकलेले असतात आणि जिथून ती निघाली त्या वाळूतल्या बारीक रेघा पुसलेल्या असतात. शीर त्या काळच्या जमिनीपर्यंत पोचली असेल, तर तिथे वाळू पसरलेली सापडते.

फसवणाऱ्या खुणाही पुष्कळ. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यांत वरून वाळू भरते. कुजलेल्या मुळांच्या पोकळीतही तेच होते. तापीच्या महापुरात ओल्या पोयट्यावर एकदम वाळू साचली, तर थर भूकंपावाचूनच वाकतात. म्हणून एका शिरेवर निष्कर्ष काढू नये. एकाच वयाच्या शिरा दूरदूरच्या कडांत मिळाल्या आणि सगळ्या खालून वर गेलेल्या असल्या, तरच भूकंपाचे नाव घ्यावे. काळ ठरतो तो छेदलेल्या सर्वांत वरच्या थरावरून आणि शीर झाकणाऱ्या थरावरून. त्यांतल्या कोळशाचे किरणोत्सारी कार्बनने, तर वाळूच्या कणांचे प्रकाश-उद्दीपनाने वय काढतात. आसाम-मेघालयातल्या नद्यांकाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने 1897 च्या तिथल्या महाभूकंपाच्या आधीचे मोठे भूकंप असेच हुडकले.

खानदेशात याला पुरातत्त्वाची जोड मिळू शकते. तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशे इथे 1954-55 मध्ये उत्खनन झाले. तिथल्या सर्वांत जुन्या वस्तीचा थर ताम्रपाषाणयुगाचा. अशा वस्तीच्या थराला वाळूची शीर छेदून गेलेली आढळली, तर खापरांवरूनही तिच्या काळाचा अंदाज बांधता येईल. भूशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांनी कडा एकत्र पाहाव्यात, एवढे मोल या कामाला आहे.

आजचा धोका मोजण्याची रीत मात्र साधी आहे. बोअरमध्ये नळी उतरवून तिच्यावर 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून टाकत राहतात. सुरुवातीचे 15 सेंटीमीटर सोडून पुढच्या 30 सेंटीमीटरला किती ठोके लागले ते मोजतात. ठोके कमी तितकी वाळू सैल. मातीची चाळणी आणि भूजलाची पातळी यांची सांगड घालून निष्कर्ष निघतो. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात उपशाने पाणी खोल गेले आहे, त्यामुळे तिथली वरची वाळू कोरडी आणि त्या अर्थाने सुरक्षित. नदीलगत आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यात मात्र ती भिजलेली असते. पूल, जलशुद्धीकरण केंद्र किंवा भरावावरची वसाहत अशा जागी उभारायची असेल, तर ही चाचणी पायाचा आराखडा ठरण्यापूर्वीच व्हायला हवी. वाळू सैल निघाली तर ती ठोकून दाबता येते, खडीचे खांब घालून पाण्याला वाट देता येते किंवा खालच्या घट्ट थरापर्यंत पाइल नेता येतात.