पळ्ळीकरणै : टुंड्रातील पक्ष्यांची चेन्नईतील दलदल

चेन्नईच्या दक्षिणेला वेळचेरी, पेरुंगुडी आणि संगणक कंपन्यांच्या उंच इमारतींच्या वेढ्यात असलेली पळ्ळीकरणैची दलदल आसपासच्या सुमारे 250 चौरस किलोमीटर परिसरातील पावसाचे पाणी सामावून घेते आणि ते ओक्कियम मडुवू या ओढ्यावाटे बकिंगहॅम कालव्यात व पुढे कोवळमच्या खाडीतून समुद्रात सोडते. ठाणे खाडीप्रमाणेच तिलाही 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

आर्क्टिकमधील थंडीशी प्राणी कसे जुळवून घेतात, हे सांगताना ध्रुवीय अस्वलाच्या चरबीचा आणि कोल्ह्याच्या दाट केसांचा उल्लेख हमखास होतो. थंडी टाळून निघून जाणे हाही तितकाच समर्थ उपाय असून तो या चिखलात पाहायला मिळतो. वीस-तीस ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा आणि खाली वळलेल्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपर हे पक्षी सायबेरियाच्या टुंड्रात, म्हणजे जिथे खालची जमीन बारमाही गोठलेली असते आणि झाडे वाढत नाहीत अशा प्रदेशात, अंडी घालतात. तेथील तोकड्या उन्हाळ्यात कीटकांचा सुकाळ असल्याने पिल्ले जन्मल्यावर काही तासांतच स्वतः किडे टिपू लागतात, मात्र ऊब मिळवण्यासाठी अधूनमधून पालकांच्या पंखाखाली शिरतात. प्रौढ पक्ष्यांच्या उघड्या पायांत धमन्या व शिरा एकमेकींना लगटून असतात, त्यामुळे खाली जाणारे उष्ण रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते आणि गारठलेल्या चिखलातही शरीराची उष्णता फारशी वाया जात नाही. लेमिंग हे उंदरासारखे प्राणी ज्या वर्षी घटतात, त्या वर्षी कोल्हे अंड्यापिल्लांकडे वळतात आणि दक्षिणेकडे उतरणाऱ्या थव्यांत तरुण पक्षी कमी दिसतात.

हिवाळ्यात पळ्ळीकरणैच्या दलदलीत या पक्ष्यांचा आहार म्हणजे चिखलातील अळ्या, कृमी, बारीक शंखशिंपले. परतीच्या उड्डाणासाठी लागणारी चरबी यावरच साठते. याच परिसरातील राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने 2014 मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ समुद्रात ‘इंडआर्क’ ही वेधशाळा बसवली, हा आर्क्टिकशी नाते जोडणारा योगायोगही नोंदण्याजोगा आहे.

दलदलीचा मोठा भाग बांधकामांनी आणि पेरुंगुडीच्या कचरा डेपोने गिळला आहे. 2007 मध्ये 317 हेक्टर क्षेत्र राखीव वन ठरले, ते उशिराच. ईशान्य मोसमी पावसाचे पाणी ओसरून चिखल उघडा पडला की हे आखूड पायांचे पक्षी चरायला उतरतात, त्यामुळे ते पाहण्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतील सकाळ निवडावी आणि दुर्बीण सोबत ठेवावी.