एका फोल्डरसाठी अख्खे कपाट कशाला?

मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात नोएडाच्या पोलिसांनी एक आदेश काढला. स्मार्टफोन आहे, पण त्यात ‘आरोग्य सेतू’ नाही, अशा अवस्थेत कुणी घराबाहेर आढळला, तर त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली कारवाई होऊ शकेल, असे त्यात म्हटले होते. टाळेबंदीत दूध-भाजी आणायला निघालेल्या माणसाला पिशवी आणि मास्कबरोबर आता हे ॲपही आठवणीने तपासावे लागणार होते. 1 मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सरकारी व खाजगी कर्मचाऱ्यांसाठी हे ॲप सक्तीचे केलेच होते. 17 मे रोजी त्या आदेशाची भाषा सौम्य झाली, पण तोवर घराघरांत एक प्रश्न उभा राहिला होता.

प्रश्न साधा होता. हे ॲप ब्लूटूथ सतत चालू ठेवायला सांगते, आपण कुठे आहोत हेही त्याला कळते. मग ही माहिती जाते कुठे? 5 मे रोजी रॉबर्ट बाप्टिस्ट या फ्रेंच सुरक्षा संशोधकाने ॲपमध्ये त्रुटी असल्याचे जाहीर केले. सरकारने लगेच खुलासा केला, की कुणाचीही खाजगी माहिती धोक्यात नाही. एक जण म्हणतो धोका आहे, दुसरा म्हणतो नाही. अशा वेळी तिसऱ्याला खरेखोटे पडताळून पाहायचे तर मार्ग एकच. ॲप ज्या सूचनांवर चालते, त्या उघडून वाचायच्या.

ही संधी 26 मे 2020 रोजी मिळाली. दिल्लीतल्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरने, म्हणजे एनआयसीने, आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड सर्वांसाठी खुला केला. त्या वेळी ॲपचे वापरकर्ते साडेअकरा कोटींच्या घरात होते आणि त्यातले सुमारे 98 टक्के अँड्रॉइडवर होते. त्रुटी दाखवणाऱ्यांना 1 लाख रुपयांपर्यंत बक्षीसही जाहीर झाले. सिंगापूरने आपल्या अशाच ॲपचा कोड एप्रिलमध्येच खुला केला होता, हे मात्र विसरून चालणार नाही. सर्व्हरवर चालणारा कोड आपल्याकडे खुला व्हायला नोव्हेंबर 2020 उजाडला. त्याच्या आदल्याच महिन्यात, हे ॲप नेमके कुणी तयार केले याचे धड उत्तर मिळत नाही म्हणून केंद्रीय माहिती आयोगाने एनआयसीला कारणे दाखवा नोटीस दिली होती.

अँड्रॉइडचा कोड ठेवला गेला तो गिटहब या संकेतस्थळावर, ‘एनआयसी-दिल्ली’ या नावाच्या खात्यात. गिटहब म्हणजे जगभरातल्या प्रोग्रामर मंडळींचे सार्वजनिक कोडभांडार. 2008 साली ते सुरू झाले आणि 2018 साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले. गंमत अशी, की डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीतल्याच दूरसंचार खात्याच्या आदेशावरून जी 32 संकेतस्थळे देशात बंद करण्यात आली, त्यांत गिटहबही होते. आक्षेप काही पानांवर होता, टाळे मात्र सगळ्या ग्रंथालयाला लागले. पुढे ते निघाले. साडेपाच वर्षांनी सरकारनेच आपला सर्वांत चर्चेतला कोड तिथे नेऊन ठेवला.

मजकूर एवढासा, ओझे केवढे!

आता कुणा पालकाने गुरुग्राममधल्या किंवा ग्रेटर नोएडातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला म्हटले, ‘‘अरे, ठिकाणाची माहिती हाताळणारा भाग तेवढा काढून दाखव,’’ तर तो गिटहबवर जाईल. तिथे फोल्डरांची उतरंड दिसेल. चित्रांचा एक, पडद्यावरच्या मजकुराचा एक, मुख्य कामाचा एक आणि त्याच्या पोटात आणखी काही. हवा असतो त्यातला एकच. पण फोल्डर उघडून पाहावा, तर ‘हा उतरवून घ्या’ असे सांगणारे बटण तिथे नसते. एकेक फाइल घेता येते, नाहीतर हिरव्या ‘कोड’ बटणातून पूर्ण भांडाराची झिप. मधली सोय नाही.

यामागे कंजूषपणा नाही, कारण आहे. गिटहबच्या तळाशी असलेली ‘गिट’ ही प्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी तयार केली. एका फाइलचा किंवा एका फोल्डरचा इतिहास वेगळा ठेवण्याऐवजी ती प्रत्येक बदलाच्या वेळी संपूर्ण प्रकल्प कसा होता, याची नोंद करते. कुणाचाही संगणक बिघडला तरी दुसऱ्याकडे सगळा इतिहास सुरक्षित राहावा, म्हणून ‘क्लोन’ केले की पहिल्या दिवसापासूनचे सर्व काही उतरते. काम करणाऱ्याला हे वरदान आहे. नुसते वाचायला आलेल्याला मात्र ते भारी पडते. त्यातून मोबाइलच्या डेटावर काम चालले असेल तर विचारायलाच नको.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण घ्या. गुगल फॉन्ट्सचे भांडार गिटहबवर आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट त्यात आहे, खास मराठी वळणाचा ‘टिरो देवनागरी मराठी’ही आहे. प्रत्येक फॉन्टचा वेगळा फोल्डर आहे. दिल्लीतल्या एखाद्या मराठी मंडळाला गणेशोत्सवाची पत्रिका छापायची असेल तर ‘मुक्ता’चा फोल्डर पुरे. सगळ्या भांडाराची झिप मात्र 1 जीबीच्या वर जाते. नव्वदच्या दशकात नेहरू प्लेसहून 1.44 एमबीची फ्लॉपी जपून घरी आणणाऱ्यांना हे ऐकून भोवळ येईल.

मग करायचे काय?

प्रकल्प लहान असेल तर फार डोके चालवू नये. झिप उतरवावी, हवा तो फोल्डर ठेवावा, उरलेले पुसून टाकावे. झिपमध्ये मागचा इतिहास नसतो, त्यामुळे ती क्लोनपेक्षा हलकीच असते.

प्रकल्प मोठा असेल तर गिटहबचे मोफत खाते काढून लॉगिन करावे आणि भांडाराचे पान उघडे असताना कीबोर्डवरचे पूर्णविरामाचे बटण दाबावे. त्याच ब्राउझरमध्ये एक संपादक उघडतो. ही सोय 2021 साली आली. डाव्या यादीतल्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबले की ‘डाउनलोड’ दिसते. क्रोम किंवा एज वापरावे, फायरफॉक्समध्ये हे जमेलच असे नाही. फारसे तांत्रिक ज्ञान नसलेल्यांसाठी आज हाच मार्ग सर्वांत बरा.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी मात्र खरी रीत शिकून घ्यावी. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या गिटच्या 2.25 या आवृत्तीत ‘स्पार्स चेकआउट’ ही वेगळी आज्ञा मिळाली. क्लोन करतानाच ‘फिल्टर’ आणि ‘स्पार्स’ हे पर्याय दिले तर आधी फक्त यादी येते, फाइलींचा मजकूर येत नाही. मग स्पार्स चेकआउटला फोल्डरचे नाव सांगायचे, की त्याचाच मजकूर उतरतो. सर्वांत वरच्या पातळीवरच्या सुट्या फाइली सोबत येतात. त्या नकोशा वाटतील, पण येऊ द्याव्या. कारण पुढे आहे.

एक जुना तोडगा अजून तोंडोतोंडी फिरतो. ‘सबव्हर्जन’ या आधीच्या प्रणालीत एकच फोल्डर सहज उचलता येत असे आणि गिटहबही त्या प्रणालीला दार उघडे ठेवून होते. 8 जानेवारी 2024 रोजी ते बंद झाले. तेव्हा एखाद्या जुन्या पुस्तकात वा वर्गातल्या टिपणात ही युक्ती दिसली तर तिच्यामागे रात्र घालवू नये.

फोल्डरचा पत्ता चिकटवा आणि झिप घ्या, असे सांगणारी इतर संकेतस्थळेही आहेत. सार्वजनिक कोडापुरती ती कामाची आहेत. मात्र लॉगिन न केलेल्यांना गिटहब अशा मार्गाने तासाला 60 च विनंत्या करू देते, त्यामुळे फोल्डर मोठा असला की गाडी मध्येच अडते. मग ते संकेतस्थळ तुमच्या खात्याची ‘टोकन’ नावाची किल्ली मागते. ती देऊ नये. घराची चावी अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखेच ते आहे.

मागे राहते ते महत्त्वाचे

एकच फोल्डर घेण्यातला खरा धोका डेटाचा नाहीच, परवान्याचा आहे. बहुतेक प्रकल्पांत परवान्याची फाइल सर्वांत वर, फोल्डरच्या बाहेर असते. आतला फोल्डर तेवढा उचलला की ती मागे राहते. आरोग्य सेतूचा कोड अपाची 2.0 या परवान्याखाली होता. तो कोड पुढे कुणाला द्यायचा तर परवान्याची प्रत सोबत द्यावी लागते आणि आपण बदललेल्या फाइलींत तसे नमूद करावे लागते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात दुसऱ्याचा फोल्डर जसाच्या तसा घालून वर आपले नाव लिहिणारी मुले हे लक्षात घेत नाहीत. पालकही ‘प्रोजेक्ट पूर्ण झाले ना’ एवढेच विचारतात. गुगल फॉन्ट्सवाल्यांनी मात्र शहाणपणा केला आहे. तिथे प्रत्येक फॉन्टच्या फोल्डरातच त्याचा परवाना ठेवलेला असतो, त्यामुळे एकटा ‘मुक्ता’ घेतला तरी कागदपत्रे सोबत येतात.

शिवाय सुटा फोल्डर वाचता येतो, पण बहुधा चालवता येत नाही. त्याला लागणाऱ्या इतर फाइली बाहेर असतात. उतरवलेले चालत नाही म्हणून संगणकाला दोष देण्याआधी हे पाहावे.

फोल्डर घेताना आणखी एक टिपण जरूर करावे. कोणत्या तारखेला घेतला आणि त्या वेळी पानावर शेवटच्या बदलाचा कोणता क्रमांक दिसत होता. झिपबरोबर इतिहास येत नाही आणि मूळ जागी कोड बदलत राहतो. आरोग्य सेतूचेच पाहा. संपर्क शोधण्याची सोय बंद केली असून त्यासाठी जमवलेली माहिती पुसून टाकली आहे, असे फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारने संसदेत सांगितले. 2020 साली ते काम ॲप कसे करत होते, हे दाखवायचे तर तेव्हाचा तारीखवार फोल्डर हाताशी हवा.