साथ आली, विश्वास कुठे गेला?

साथीचा रोग गावात शिरण्याआधी अफवा शिरते. नळावर, गिरणीत, हळदीकुंकवाला तोच विषय. "सरकार आकडे दडवतंय." "दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही." "लस टोचली की मूल होत नाही म्हणे!" अशा वेळी पेपरात एक वाक्य हमखास छापून येते - 'जनतेने घाबरून जाऊ नये.' आणि नेमके ते वाचूनच आपल्या पोटात गोळा येतो.

असे का व्हावे? लोक अडाणी, बायका तर त्याहून अडाणी, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो. आपले तोंड कुठे कुठे पोळले आहे, ते एकदा पाहायला हवे.

पहिली गोष्ट पुण्याची. प्लेग आला तसा इंग्रज सरकारने 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा केला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर रँडसाहेबाला नेमले. गोरे सोल्जर घराघरांत रोगी शोधू लागले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. संशय आला की माणूस इस्पितळात, घरची मंडळी छावणीत आणि सामान जाळायला. रोगी लवकर शोधावा, हा हेतू काही चुकीचा नव्हता. पण लोकांनी काय केले? आजारी माणसे माळ्यावर, कपाटात लपवली, नाहीतर रातोरात गाव सोडले. प्लेगही त्यांच्या गाठोड्यातून पुढच्या गावी गेला! पुढे 22 जून 1897 ला चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत शिकतो.

त्याच साथीत पुण्याबाहेर माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले. त्याच रोगाने 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रोगी दवाखान्यात न्यायचे हेच काम सोल्जरही करत होते. एकाला पाहून लोक दार लावत आणि एकीच्या पाठीवर आपले लेकरू देत. फरक कायद्याचा नव्हता, वागण्याचा होता.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. आपल्या पिढीच्या दाराशी प्लेग आला तो फार पुढे, 1994 साली. त्याच्या आदल्याच वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली. पडक्या, सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले, त्यावर उंदीर माजले आणि त्यातून बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग निघाला, असे तेव्हा सांगितले गेले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला. माझे सासर लातूरचे. सासूबाई सांगतात, "भूकंपानं घरात झोपायची भीती घातली होती, आता प्लेगानं बाहेर पडायची घातली. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल! टेट्रासायक्लिनसाठी दुकानावर ही झुंबड, आणि मिळेल तो गोळ्या गिळतोय." मैत्रिणींनो, डॉक्टरांना न विचारता ही गोळी घेऊ नये. गरोदर बाईला आणि लहान मुलाला तर मुळीच नाही; वाढत्या दातांवर तिचे कायमचे डाग पडतात. पण धास्तावलेल्या घराला हे सांगायचे कोणी?

सुरतेतून तर लाखो लोक पळाले. त्यांत खानदेशातली आपली कामकरी मंडळीही पुष्कळ. एकीकडे 'घाबरू नका' म्हणून रेडिओवर सांगत होते आणि दुसरीकडे कितीतरी खाजगी डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून गेलेले लोक डोळ्यांनी पाहत होते. हा प्लेगच की दुसरे काही, यावर तज्ज्ञांतच वाद लागला. जनुकीय तपासणीने प्लेगच होता असे दाखवले ते 2000 साली. सरकारने जागतिक आरोग्य संघटनेला कळवलेले मृत्यू होते 54. एवढ्याने देश हादरला. कारण खरे काय ते कोण सांगतोय, हेच कोणाला कळत नव्हते.

पण सुरतेची पुढची गोष्टही सांगायला हवी. 1995 मध्ये एस. आर. राव हे आयुक्त तिथे आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी खुर्चीतून उठवून गल्लीत पाठवले, कचरा उचलायला लावला. दोन वर्षांच्या आत ते गलिच्छ शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. तिथे भाषणाने भरवसा आला नाही. रोज झाडलेला रस्ता लोकांना दिसला, म्हणून आला.

नंतर 2020 चा कोरोना. आपल्या नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले चार हजारांवर यात्रेकरू टाळेबंदीत अडकले. एप्रिलअखेर ते पंजाबात परतले आणि त्यांतले शेकडो बाधित निघाले. लगेच दोन राज्यांची तू तू मैं मैं! लागण इथे झाली, की वाटेत, की गाडीच्या ड्रायव्हरकडून? या भांडणात यात्रेकरूंचे हाल आणि नांदेडकरांची धाकधूक कोणी विचारली?

त्याच वर्षी सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. आमच्या शाळेतल्या एका बाईंना सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. दारात उभे राहून विचारायचे, "घरात कोणाला ताप, खोकला?" उत्तर ठरलेले, "कोणालाच नाही जी." आणि आतून खोकल्याचा आवाज! दाराला पाटी लागेल, गल्लीला बांबू लागतील, म्हाताऱ्याला नेतील आणि शेवटचे तोंडही बघू देणार नाहीत, ही ती भीती. दोन दिवसांनी बाईंनी प्रश्नच बदलला. "ताई, घरात कोणाला काही मदत हवी का? भाजी, औषध, काही?" मग हळूच दार उघडे. "बाई, सासऱ्यांना दोन दिवस ताप आहे, पण सांगू नका कोणाला." शाळेतल्या वळणाच्या बाई म्हणून त्या घरांना त्यांचा चेहरा ओळखीचा होता, हेही खरेच.

आणि साथ नसतानाचे काय? ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळे. रुग्णालय म्हणे, औषधे पुरेशी होती. नातेवाईक म्हणत, आम्हाला बाहेरून आणायला लावली. त्या दिवसांत इथे सगळ्याच आयांची झोप उडाली होती. उद्या एखादी साथ आली आणि 'रोग्याला सरकारी दवाखान्यात आणा' अशी रिक्षा फिरली, तर हे आठवणार नाही का?

आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवतो ते पावसाळ्याची बेगमी म्हणून. विश्वासाचेही तसेच आहे. साथीच्या दिवशी तो बाजारात मिळत नाही. केसपेपरच्या खिडकीवर कोणी नीट बोलले, लिहिलेले औषध तिथेच मिळाले, मृत्यूचा खरा आकडा आपणहून सांगितला, तर तो बाराही महिने थोडा थोडा साठतो.

हे सरकारने करायला हवे, आणि ते आपण मागायला हवे. रोग्याला कुठे नेणार, सोबत कोण राहणार, औषध कोण देणार, हे तीन प्रश्न आशाताईला किंवा डॉक्टरांना दारातच विचारा. ते विचारण्यात कसली लाज? बाहेरून औषध आणायला लावले तर चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा. तक्रारीला तोंडी शब्द पुरत नाही. तापाचा दिवस आणि वेळ वहीत टिपा. आणि एवढा राग असला, तरी माणूस लपवू नका. दम लागला, शुद्ध हरपू लागली, तर शेजारीण काय म्हणेल याचा विचार न करता 108 ला फोन करून गाडी बोलवा. सरकारवरचा राग खरा असेल, पण त्याची किंमत घरातल्या माणसाने का मोजायची?